पहिली ओळ

पणजोबा गुस्ताव घड्याळे दुरुस्त करीत, आजोबा ओटोन टंकलेखनयंत्रे आणि वडील आर्लिंदो टेलिफोनची केंद्रे; परंतु दुसऱ्याच्या कामावर आपले नाव कोरण्याचा हलकटपणा या तिघांपैकी एकानेही केला नाही, हे योलांदा क्राउझर मुक्त सॉफ्टवेअर मंडळाच्या बैठकीत भिंतींनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होत्या.

“आणि ही अल्तावेर कंपनी माझ्या चाळणीवर पेटंट घेते! लाज वाटायला हवी!”

‘चाळणी’ हा संगणकाचा प्रोग्राम एकाच रुग्णाच्या दुबार नोंदी शोधून काढी. २००४ साली योलांदांनी ती आपल्या नावाने सर्वांना विनामूल्य दिली होती. पोर्तु अलेग्री शहरातली सरकारी रुग्णालये तिच्यावरच चालत. आता नोटीस आली होती: पद्धत आमची, पेटंटचा अर्ज २००३ चा, महिनाअखेर चाळणी काढून टाका.

शिमारांव या कडू चहाचा तुंबा हातोहात फिरत होता. त्यात गरम पाणी ओतण्याचे काम नेहमीप्रमाणे झुल्मिराकडे होते. विद्यापीठाच्या संगणक कक्षात ती अनेक वर्षे योलांदांची सहायक होती. बैठकीत ती कधी बोलत नसे.

“पेटंट म्हणजे चोरीवरचा सरकारी शिक्का,” टकल्या नेरेऊ म्हणाला.

“सरसकट बोलू नकोस,” मंडळाचे वकील एवांद्रो म्हणाले. “ज्यानं खरंच शोधलं, त्याला वाली कोण मग? दोना योलांदा, संताप बाजूला ठेवा. २००३ च्या आधी ही पद्धत लोकांसमोर आली होती, याचा पुरावा द्या.”

योलांदांनी कडेला भोके असलेला, घड्यांचा जुना छापील कागद पुढे केला. “एकोणनव्वद सालचा. विद्यापीठाच्या प्रदर्शनात भिंतीवर लावला होता.”

एवांद्रोंनी तो उलगडला. “पद्धत हीच. पण वरचा भाग कुठाय?”

विद्यापीठाच्या संगणक कक्षाचा दंडक होता: प्रत्येक कामाच्या पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याचे नाव आणि तारीख. प्रदर्शनाचा शिक्काही तिथेच बसे.

“वाळवीनं खाल्ला.”

“वाळवी शिकलेली दिसते, दोना योलांदा,” नेरेऊ म्हणाला. “पट्टी लावून खाल्लंय.”

सारे हसले. झुल्मिराच्या हातून पाणी तुंब्याच्या काठावरून सांडले.

“तारखेशिवाय हा कागद पाव गुंडाळायच्या लायकीचा,” एवांद्रो म्हणाले. “त्यापेक्षा अल्तावेरशी तडजोड करू.”

“दुसऱ्याचं नाव खोडून आपलं लिहिणाऱ्यांशी? मी?” योलांदा कडाडल्या. “मरेन, पण नाही!”

पेटंट कार्यालयातल्या सुनावणीत अल्तावेरच्या वकिलाने तो कागद दोन बोटांत धरला. “ना तारीख, ना शिक्का.”

अधिकाऱ्यांनी फाईल मिटायला घेतली. रुग्णालयांच्या वतीने आलेल्या परिचारिकांनी माना खाली घातल्या.

“थांबा,” योलांदा म्हणाल्या.

त्यांनी पर्समधून पणजोबांच्या हत्यारांची पत्र्याची डबी काढली. आत घडी केलेली कागदाची अरुंद पट्टी होती. त्यांनी ती त्या कागदाच्या वरच्या कडेला जुळवली. भोकांखाली भोके आली. रेघेला रेघ बसली.

अधिकाऱ्यांनी मोठ्याने वाचले: “प्रदर्शनाचा शिक्का. बारा ऑक्टोबर एकोणीसशे एकोणनव्वद. लेखिका, झुल्मिरा पाशेको.”



योलांदा मागच्या बाकावर बसलेल्या झुल्मिराकडे वळल्या. मान ताठ होती. आवाज मात्र प्रथमच खाली आला होता.

“ती वाळवी मीच. झुल्मिरा, तुझं तुला परत.”