ओली पिसं

पिंजरा अजून दादाच्या हातातून सुटलाही नव्हता, तेवढ्यात धाकटीनं जाळीतून बोट घालून पोपटाचं पोट चाचपलं आणि ती उसळलीच.

"अंघोळ घातलीस याला? आज? या गारठ्यात?"

"घातली. मग?"

सकाळचे सात वाजले होते. बसथांब्यावर बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघत होती. दर महिन्याच्या एक तारखेला हा सोहळा इथंच व्हायचा. आई एक महिना लेकाकडे, एक महिना लेकीकडे, आणि वडिलांचा पोपट फौजदार आईच्या मागोमाग. वडील गेल्यापासून बहीणभावात एवढीच काय ती देवाणघेवाण उरली होती. बाकी विस्तव जात नव्हता.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ओल्या पाखराला हा वारा लागला तर मान टाकेल ते!"

"वा गं वा! गेल्या खेपेला घरी पोचल्या पोचल्या फोन करून काय ऐकवलंस? वास येतो! गिऱ्हाइकांसमोर मान खाली घालायला लावलीस मला. म्हटलं, या खेपेला बाईसाहेबांना बोलायला जागाच नको. साबण लावून खसाखसा धुऊन दिलंय."

"साबण? अरे, पाखरू आहे ते, तुझ्या गॅरेजातली गाडी नाही!"

आई बाकावर डोक्यावरून शाल घेऊन बसली होती. या दोघांच्या मध्ये बोलायचं नाही, हे ती केव्हाच शिकली होती.

धाकटी शिवणकाम करायची. पिंजऱ्यासाठी तिनं दुहेरी कापडाची खोळ शिवून आणली होती, तीन बाजू बंद, श्वासाला एक उघडी. लोकरी मोज्यात घालून गरम पाण्याची बाटलीही आणली होती. तिनं ती पिंजऱ्याला टेकवली तसा दादा खो खो हसला.

"पोपट न्यायला आलीस की जावई?"

"तू नीघ इथून."

"निघतोच. आणि पोचलीस की फोन करू नकोस." स्कूटरला लाथ मारून तो गेला. आईला 'येतो' म्हणायचंही राहिलं.

धाकटीनं पिंजऱ्यात वाकून पाहिलं. एरवी येणाऱ्याजाणाऱ्याला "कोण रे तू?" म्हणून दरडावणारा फौजदार पिसं फुगवून, एक पाय पोटाशी घेऊन बसला होता. डोळे अर्धे मिटलेले. ते "कोण रे तू?" हुबेहूब वडिलांचं होतं. त्यांचा आवाज आता जगात तेवढाच उरला होता, आणि तो या कडाक्यात थरथरत होता.

"आई, शाल दे तुझी. लवकर!"

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग शाल काढून दिली.

धाकटीनं हात आत घालून शालीच्या टोकानं पिसं टिपली, पंखांखालीसुद्धा. उरलेली शाल खोळीवरून गुंडाळली, बाटली आणखी आत सरकवली आणि वाऱ्याच्या बाजूला स्वतः आडवी उभी राहिली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग फौजदारानं दुसरा पाय टेकला, एक डोळा उघडला आणि खरखरीत आवाजात विचारलं, "कोण रे तू?"

धाकटीला रडूच आलं. मग राग परत आला.

"बघितलंस ना, तुझ्या लाडक्यानं काय करून ठेवलं होतं ते? जिवावर बेतलं असतं! थोडी तरी काळजी…"

बोलता बोलता ती वळली. आईचे दात वाजत होते. पांढरे केस मानेला चिकटले होते आणि ब्लाउज पाठीवर ओलागच्च झाला होता.

"आई! अगं, डोकं ओलं तुझं?"

"पहाटे न्हाऊ घातलं ना. आधी मला, मग त्याला."

"या थंडीत? तुला कशाला?"

आईनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"तूच म्हणाली होतीस ना फोनवर," ती म्हणाली, "दोघांनाही वास येतो."