मागणी क्रमांक एक

कामगार आणि मालक यांच्यात मैत्री कधीच होऊ शकत नाही, हा इतिहासाचा निकाल आहे, असं शंकरसिंग राठोडनं सूतगिरणीच्या गेटवर जाहीर केलं. त्या वेळी त्याच्याच युनियनचा सहचिटणीस जमीर मॅनेजरबाईंच्या खोलीत बसून मेथीची भजी खात होता.

टाळ्या पडल्या. पण शंकरसिंगच्या कानाला त्या पातळ लागल्या. उमरखेड रस्त्यावरच्या या गिरणीत तो बावीस वर्षं युनियनचा अध्यक्ष होता. कोणती टाळी मनापासूनची आणि कोणती नुसती पाळी सुटल्याच्या आनंदाची, हे त्याला कळत होतं. पुढच्या महिन्यात निवडणूक होती, आणि चार माणसं जमली की हल्ली जमीरचं नाव निघत होतं.

चूक त्याची स्वतःचीच होती, फक्त ती त्यानं अजून कुणाला सांगितली नव्हती. 'व्यवस्थापन व कामगार यांची संयुक्त समिती नेमा' ही मागणी अकरा वर्षं मागणीपत्रकात पहिल्या क्रमांकावर होती. ती कधीच मान्य होणार नाही, या खात्रीनंच त्यानं ती तिथं ठेवली होती. मोर्चाला काहीतरी कायमचं लागतं. नव्या मॅनेजर आभा पाठकबाईंनी ती आल्या आठवड्यातच मंजूर केली. यात डाव आहे हे ओळखून शंकरसिंग स्वतः समितीवर गेला नाही. डाव शोधून काढायला त्यानं जमीरला पाठवलं.

डाव काही सापडला नाही. कापसाची धूळ ओढणारे नवे पंखे बसले, कॅन्टीनच्या वरणात डाळ दिसू लागली, आणि बाई रोज सकाळी जमीरच्या मशीनशी उभ्या राहून "जमीरभाई, आज काय म्हणतंय मशीन?" असं विचारू लागल्या. शंकरसिंगला त्या 'अध्यक्ष महोदय' म्हणत. आधीचे मॅनेजर दीनानाथसाहेब शंकरसिंगला नुसतं आवारात पाहिलं तरी बीपीची गोळी घेत. त्याला मान म्हणतात. या बाईंना बीपीच नव्हतं.

घोषणांच्या गजरात तो ऑफिसच्या व्हरांड्यापर्यंत आला, माणसं पायऱ्यांवर थांबवली आणि संपाची नोटीस घेऊन एकटा आत शिरला. दार मागं आपोआप लागलं.

टेबलावर मशीनचा नकाशा पसरला होता. दोघं त्यावर वाकले होते आणि नकाशा उडू नये म्हणून कोपऱ्यावर भज्यांची ताटली ठेवली होती. जमीर लगबगीनं उठला.

"या अध्यक्षसाब, घ्या. गरम हायेत."

मॅनेजरच्या खोलीत मॅनेजरच्या भज्यांचा आग्रह आपलाच माणूस आपल्याला करतो आहे, हे पाहून शंकरसिंगनं ताटलीकडं बोट दाखवलं.

"कवापासून चालू हाये हे?"

"दहा वाजतापासून," जमीर म्हणाला.

बाईंनी नोटीस वाचली. एकेका मागणीवर बोट ठेवत त्यांनी सांगितलं की सातांपैकी सहा गोष्टी झालेल्या आहेत आणि सातवी, साबणाची, कालच समितीत मंजूर झाली. जमीरभाईंनी सांगितलं नाही का तुम्हाला, असंही त्यांनी विचारलं.

"तो मले कायले सांगते? तो तुम्हाले सांगते."

"तुम्हीच म्हटलं होतं ना," जमीर पुटपुटला, "मॅडमच्या पोटात शिरून माहिती काढ म्हणून."

"माहिती काढ म्हटलं होतं. तिथंच घर बांधून राह्य नव्हतं म्हटलं."

बाईंनी चष्मा काढून पुसला. आणखी काही अडचण असेल तर बोला, आत्ताच्या आत्ता सोडवून टाकू, असं त्या अगदी मनापासून म्हणाल्या. बावीस वर्षांत शंकरसिंगला कोणत्याही मॅनेजरनं इतकं लागेल असं काही ऐकवलं नव्हतं.

त्यानं घड्याळात पाहिलं. आत येऊन चार मिनिटं झाली होती. दारापलीकडं वाइंडिंग खात्यातली बिजलीबाई कुणाला तरी खाली बसायला सांगत होती. "एवढ्यात कायचा येते तो? आपला अध्यक्ष हाये. घंटाभर तरी घाम काढते तो त्या बाईचा."

शंकरसिंगनं नोटीस घडी करून खिशात घातली आणि खुर्चीच्या कडेला टेकला.

"मॅडम, एकच मागणी हाये," तो आवाज अगदी खाली आणून म्हणाला. "अर्धा तास मले इथं बसू द्या. अन् मधामधात माह्यावर जरा जोरानं बोलजा. बाहेर ऐकू गेलं पाह्यजे."

बाईंनी ते वहीत टिपून घेतलं. जमीरला मुद्दा लगेच समजला. मदतीला म्हणून त्यानं टेबलावर आपटायला हात उचलला.

"तू नाही," शंकरसिंग म्हणाला. "मॅडम, टेबलावर हात तेवढा मले आपटू द्या."