एकेचाळिसावा ड्रायव्हर

संगणकाला जोडलेली उपकरणं चालवणारे चाळीस प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, ऐच्छिक करून होईपर्यंत सुळे सरांचे डोळे चुरचुरायला लागले होते. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, आपल्या मशीनसाठी बांधताना ज्याला जो ड्रायव्हर हवा तो त्याने निवडावा, बाकीच्यांच्या मशीनवर उगाच ओझं नको, असं टीमचं ठरलं होतं. प्रत्येक ड्रायव्हरखाली सर एकच वाक्य चिकटवत होते : ‘खात्री नसेल तर नाही निवडा.’

एकेचाळिसावा ब्रेल पट्टीचा होता. पडद्यावरचा मजकूर अंध माणसाला बोटांनी वाचता यावा म्हणून ठिपके उमटवणारी ती पट्टी. सर थबकले. मग त्यांनी ‘नाही’ पुसून ‘हो’ लिहिलं.

शेजारी बसून काम तपासणाऱ्या ऋतुजाने सुस्कारा सोडला. “दमलात सर. इथे चुकून ‘हो’ पडलंय.”

“चुकून नाही.”

“अहो, वापरतं कोण हे? फार तर दहाजण.”

“असतील दहा.”

“मग ज्याला लागेल तो निवडेल की ‘हो’! पर्याय समोरच दिसतोय.”

सरांना वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. त्यांनी हात लांब करून तिच्या मॉनिटरचं बटण दाबलं. पडदा काळा झाला.

“निवड आता,” ते म्हणाले.