उतरती शिट्टी

"अर्धा तास. मग मी ड्रिल बंद करणार," बोगद्याचे साहेब दारातूनच म्हणाले. "आत कुणी जिवंत असतं, तर एव्हाना कळलं असतं."

संगणकासमोर बसलेल्या ताईनं मागं वळूनही पाहिलं नाही. पहाटे बोगदा कोसळला तेव्हा तिचा धाकटा भाऊ आत होता, एकटाच. त्याच्या कमरेला यंत्र होतं. बटण दाबलं की खडकातून शिट्टी जायची. वर जमिनीत पुरलेले मायक्रोफोन सगळं टिपत होते, पण पंपांच्या घरघरीत शिट्टी पार बुडाली होती.

ती बाहेर काढायची युक्ती ताईचीच. सूर बदलत जाणारी शिट्टी वेळेच्या आलेखात पसरते आणि वारंवारतेच्याही. दोन्हींच्या मधल्या नेमक्या कोनातून पाहिलं, तरच ती एका जागी जमा होऊन सुईसारखी उभी राहते. अपूर्णांकी फूरिये रूपांतर म्हणतात त्याला. चढत्या शिट्टीचे सगळे कोन तिनं दोनदा पालथे घातले होते. सुई नाही म्हणजे नाही. आता तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

"काय शोधताय एवढं, ताई?" मागच्या खुर्चीतून भावजयीनं विचारलं.

"त्याची शिट्टी. खालून वर चढत जाणारी."

"चढत? ह्यांची तर उतरते. घरी वाजवली की पोरगी घसरगुंडी म्हणते तिला."

ताईचा हात माउसवरच थिजला. उतरतीच! तिनंच त्याच्या यंत्रात भरली होती, मागच्या महिन्यात. पन्नास कामगारांच्या चढत्या शिट्ट्यांत आपला भाऊ चटकन ओळखू यावा, एवढ्याच हौसेनं. आणि आज डोकं ठिकाणावर नसताना साफ विसरली.

तिनं कोन उलट बाजूला फिरवला. सकाळपासूनच्या नोंदीत सुया उभ्या राहिल्या. एक, दुसरी, तिसरी. दर पाच मिनिटांनी एक. कुठल्या मायक्रोफोनला आधी पोचल्या, त्यावरून कुठून आल्या तेही दिसत होतं.

"डाव्या फाट्यात आहे!" ती ओरडली. साहेब धावतच बाहेर गेले.

"किती वेळा दाबलं हो ह्यांनी!" भावजय रडता रडता हसली. "शेवटची कधीची?"

शेवटची साडेअकराची होती. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजले होते.

आता येत असलेला आवाज ताईनं त्याच कोनात लावला. पडद्यावर आडवी रेघ सरकत राहिली.

"दाब ना रे," ती पुटपुटली. "एकदाच दाब. आता ऐकतेय मी."