अंगठ्याखालचं बटन

बस गा ज्ञानेश्वरा, तुले एक गोष्ट सांगतो.

मंगळवारी मेहकरले दुकानवाल्या कलीमनं दोन रिमोट दाखवले. एक टीव्हीचाच. दुसऱ्यावर बोट ठेवून म्हणे, "काका, याच्यानं घरातलं सारं चालते." म्या तोच घेतला.

घरी बटन दाबून सोडलं. टीव्ही काही बंद होईना. पण डाळ निसता निसता मायी बायको अनसुया थांबली. "तुमाले त कधी..." एवढंच बोलली. हात सुपात तसाच.

घाबरून पुन्हा दाबून धरलं. "...जमलं नाही," म्हणे, अन् हासली.

सोडलं का थांबते.

तवापासून धरून बसलो. पाह्य, कशी डाळ निसून राह्यली. माया अंगठा बधिर झाला गा. घडीभर तू धरतं का?