मोकळा गळा
दादा सीमेवर शहीद झाला, मग घरच्यांनी वहिनीशी माझं लग्न लावून दिलं. त्याच्या स्मृतिदिनाला गावच्या चौकात भाषणं होतात, पण ती जात नाही. इथं कोपरखैरण्यातच ती, मी तिच्या गळ्यात घातलेलं मंगळसूत्र काढून देव्हाऱ्यात ठेवते आणि दिवसभर मोकळ्या गळ्यानं वावरते. मी समोर धडधाकट बसलेला असताना! मेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? काल स्मृतिदिन होता; संध्याकाळी मी ते देव्हाऱ्यातून गुपचूप खिशात टाकलं. म्हटलं, बघू, तिला आठवण तरी होते का. आज सकाळी आंघोळ करून ती देव्हाऱ्यापाशी गेली आणि किंचाळलीच. "अहो, माझं मंगळसूत्र कुठं गेलं? तुमी घातलेलं हाय ते!" अख्खं घर पालथं घातल्यावर शेवटी ती फरशीवर बसून हमसाहमशी रडली. काल दादाच्या फोटोपुढं एवढी रडली नव्हती. मला इतकं बरं वाटलं, की खिशातली मूठ उघडवेना.