आतली खबर

ऑपरेशनच्या सकाळी आम्हा दोघी बहिणींत मिळून चार मूत्रपिंडं होती. त्यातली चालू दोन, दोन्ही माझी. एक ताईला द्यायचं होतं.

“घाबरलीस?” तिने विचारलं.

“छे.”

ताई हिब्रू धर्मग्रंथाचं भाषांतर करते. “आपण ‘अंतःकरण’ लिहितो ना, तिथे कित्येकदा मूळ शब्द मूत्रपिंड असतो. माणसाच्या मनातलं सगळं तिथे. देव तेच तपासतो. बघ बाई, तुझी गुपितं माझ्याकडे येतील.”

“येऊ देत. मूत्रपिंडाचं भाडंही नाही मागणार.”

दुसऱ्या दिवशी मला चाकाच्या खुर्चीतून तिच्याकडे नेलं. तिने एक डोळा उघडला.

“खोटारडे, केवढी घाबरली होतीस.”

नर्सने ताईच्या पिशवीची नोंद वाचली. रात्रभरात चार लिटर लघवी.